आईसाहेबांच्या वाट्याचा शेवट

"पडदा कुठंय?" जयसिंहरावांनी विचारलं.

टॉकीजच्या पायरीवर मॅनेजर मुकुंदराव टोपी सारखी करत उभे होते. "सरकार, जनाना बॉक्स गेल्या आठवड्यात काढला. तिथं आता खुर्च्या आहेत. वरून हुकूम आला."

"वरून म्हणजे? महालातून?"

"नाही सरकार. वर आता दुसरे लोक असतात."

"आणि ती मखमल?"

"माझ्या टेबलावर घातलीय. शाई सांडली तरी दिसत नाही."

पायरीला लागून उभ्या टांग्यात, टांग्याच्या पडद्याआड, तीन बायका हे ऐकत होत्या : जयसिंहरावांच्या आईसाहेब, पत्नी विजयाबाई आणि धाकट्या भावजय सुलोचनाबाई. संस्थानाच्या विलीनीकरणानंतरचा हा त्यांचा पहिलाच पिक्चर.

बॉक्सच्या मखमली पडद्याला बाहेर पाहायला एकच जाळी होती, तळहाताएवढी. दुसऱ्या जाळीचा अर्ज दरबारात गेला होता. मंजुरी यायच्या आत दरबारच गेला. तोवर तिघींनी पिक्चर मानाप्रमाणे वाटून घेतला होता. सुरुवात सुलोचनाबाईंची, मधला भाग विजयाबाईंचा, शेवट आईसाहेबांचा.

त्यामुळे सुलोचनाबाईंचं ठाम मत होतं, की पिक्चरमधली माणसं बागेत फार फिरतात. आईसाहेबांचं मत, की लग्नं फार लावतात. विजयाबाईंनी चौदा वर्षांत ना कुणाला बागेत पाहिलं, ना बोहल्यावर. त्यांच्या वाट्याला गैरसमज, आजारपण आणि कोर्ट. पुढं काय झालं म्हणून विचारलं, तर आईसाहेब घरी पोचेपर्यंत एवढंच सांगत, "झालं बाई एकदाचं सगळं नीट."

"टांगा वळव," जयसिंहराव म्हणाले. "चारचौघांत उघड्यावर बसायचं असेल तर नकोच. आजपासून घरच्या बायकांचा पिक्चर बंद."

टांगेवाल्यानं लगाम उचलला.

"आत अंधार असतो ना?" टांग्यातून विजयाबाईंचा आवाज आला. त्या रस्त्यात नवऱ्याशी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"असतो तर," मुकुंदराव म्हणाले.

"आणि सगळ्यांची तोंडं पुढं?"

"तिकीट काढून मागं कोण बघेल, वहिनीसाहेब?"

तेवढ्यात टांग्याच्या पडद्यातून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. "जयसिंग, उतरायला हात दे. गुडघा दुखतोय. एवढ्या लांब आलेय ती टांगा वळवायला नाही."

"सरकार, चालू हो गई," दारावरचा गेटकीपर म्हणाला. प्रश्न मिटला.

तिघी शेजारी शेजारी बसल्या. जयसिंहराव त्यांच्या मागच्या रांगेत बसले, पडद्याच्या जागी.

आता पिक्चर कुठूनही दिसत होता. पण मधल्या खुर्चीवर सुलोचनाबाई बसल्या आणि बाकीच्या दोघींनी सवयीनं माना खाली घातल्या. बाग संपली, गैरसमज सुरू झाला, तशा सुलोचनाबाई उठल्या आणि त्यांनी ती खुर्ची विजयाबाईंना दिली.

"अरे बैठो भई!" मागून कुणीतरी ओरडलं.

जयसिंहरावांनी वळून पाहिलं. पण अंधारात नजरेचा दरारा चालत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं.

आजारपण झालं. कोर्ट झालं. जज्जानं चष्मा काढला. विजयाबाईंनी पदर सावरला आणि नेहमीप्रमाणे जागा द्यायला उठल्या.

आईसाहेबांनी त्यांचं मनगट धरलं.

"बस."

"पण शेवट आपला…"

"माझे पुष्कळ झाले. मला झोप येतेय." आणि आईसाहेबांनी डोळे मिटून घेतले. ज्यांना झोप येते ते इतके घट्ट मिटत नाहीत.

विजयाबाई बसल्या. खुर्चीचे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरले होते. सगळं संपलं, दिवे लागले, लोक उठून निघाले, तरी त्यांनी ते सोडले नव्हते. शेवटानंतर काय करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर अजून ऊन होतं. टांग्यात बसता बसता मतं सुरू झाली.

"हल्ली पिक्चर फार लांबवतात," आईसाहेब म्हणाल्या.

"पुढं इतकं रडायचं असतं," सुलोचनाबाई म्हणाल्या, "तर मग बागेत जातात कशाला?"

टांगेवाल्यानं पडद्याच्या दोरीला हात घातला. "सरकार, गिरा दूँ?"

"थांब रे!" जयसिंहरावांचं मत अजून व्हायचं होतं. ते पुढं टांगेवाल्याशेजारी बसले आणि मागं वळून बोलू लागले. टांगा तसाच उघडा निघाला. "मधलं झकास होतं. कोर्टात काय बोलला पठ्ठ्या! हवेलीसाठी लढावं तर असं. आणि शेवटी काय? हवेली गेली. बायकोला घेऊन दोन खोल्यांत राहायला जातो, सायकलचं दुकान काढतो, आणि वर हसतो! हा काय शेवट झाला? लिहिणाऱ्याला मारायला पाहिजे. मधलं ठेवायचं आणि तिथंच संपवायचं."

टांगा टोपी बाजारातून चालला होता. दुकानांतून दोन-चार जणांनी मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा गिऱ्हाईकाकडे वळले.

"तुमचं काय म्हणणं?" जयसिंहरावांनी विचारलं. हेही त्यांनी रस्त्यात पहिल्यांदाच विचारलं.

विजयाबाई दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. एक संपेपर्यंत त्या थांबल्या.

"मधलं मी चौदा वर्षं पाहिलंय," त्या म्हणाल्या. "मला शेवट आवडला."