एकदा म्हणजे चांगला

आचाऱ्याने टोमॅटोचा देठ खुडला, खळगा नाकाशी धरला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग फडक्याने पुसायच्या निमित्ताने तो टोमॅटो त्याने भाजी चिरणारीच्या तोंडासमोरून फिरवला. तिची सुरी फळीवर वाजली. खट. त्याने टोमॅटो तिच्या पुढ्यात टाकला, तिने चिरून पातेल्यात सारला.

एकदा म्हणजे चांगला, दोनदा म्हणजे केराची बादली. थंडीत आलेल्या तापात आचाऱ्याचं नाक गेलं होतं आणि नाकामागून जीभही. खानावळीत हे दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि तिला. शेगडीवर दूध करपून धूर होईपर्यंत हा माणूस पाठ करून शांतपणे पीठ मळत होता, ते तिनेच पाहिलं होतं. भांडं खाली उतरवत ती म्हणाली होती, "घाबरू नका काका, मी आहे ना."

बाजारात मऊ पडलेले टोमॅटो मालकीणबाई पाटीने उचलून आणत. त्या टोमॅटोंचं सूप ही खानावळीची शान होती. वरून तुकतुकीत आणि आतून आंबलेला टोमॅटो डोळ्याला फसवतो, बोटालाही फसवतो; नाकाला मात्र नाही. मालकीणबाई ऊठसूट सांगत, "आचारी, मी पगार तुमच्या हाताला देत नाही, नाकाला देते." ते ऐकून तो हसायचा आणि पाटीकडे वळायचा. या वयात त्याला दुसरी शेगडी कोण देणार होतं?

मागच्या दाराशी बाकावर भाजी चिरणारीचा धाकटा भाऊ येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. तोही आचारीच, पण सध्या घरी बसलेला. बहिणीला भेटायला आलोय म्हणाला. आचाऱ्यानेच त्याला चहा नेऊन दिला.

"साखर झाली का रे बरोबर?"

"फर्स्ट क्लास, काका."

आचारी खूश होऊन पाटीकडे परतला. पुढचा टोमॅटो लालबुंद होता. देठ खुडताच आंबूस भपकारा तिच्या नाकात शिरला. तिने सुरी उचलली. खट.

दुसऱ्या ठोक्यासाठी तो सवयीने जरासा थांबला. दुसरा आला नाही. "वा," तो म्हणाला, "आज माल बरा दिसतोय," आणि टोमॅटो त्याने तिच्या पुढ्यात टाकला. तिने चिरला. आत काळपट पाणी होतं. ते फळीवर सांडायच्या आत तिने सगळं पातेल्यात सारलं आणि फळी पदराने पुसली. त्यानंतरचे दोनही तसेच गेले. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून माणूस हात आवरतो, असं थोडंच आहे?

सूप उकळलं. नेहमीप्रमाणे मालकीणबाई आपला कप घेऊन आल्या. त्या मुळात नाकाने कांदे सोलणाऱ्या. कप ओठांजवळ नेला आणि तिथेच थांबल्या. एक घोट घेतला आणि तो मोरीत थुंकला.

"आचारी, चाखलंत तुम्ही हे?"

"हो तर."

"कसं झालंय?"

त्याने भाजी चिरणारीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. सुरी फळीवर वाजली. एकदाच.

"छान झालंय, बाई," तो म्हणाला. "आज माल बरा होता."

मालकीणबाईंनी हातातला कप त्याच्या नाकाखाली धरला. त्याने मोठा श्वास घेतला, हसला आणि मान डोलावली. त्या हसण्यानेच त्याचा घात केला.

"किती दिवस चाललंय हे?" मालकीणबाईंनी विचारलं. मग त्या भाजी चिरणारीकडे वळल्या. "आणि तू गं? चिरताना तुला वास आला नाही?"

"काकांनी दिले ते चिरले, बाई. त्यांच्या नाकापुढे मी कोण?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "माझा भाऊ आलाय. मागे बसलाय. दुपारचं अडायचं नाही."

आचारी तिच्याकडे बघतच राहिला. आता त्याला कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. नाक नाही हे लपवलं तर त्यानेच होतं. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? त्याने एप्रन सोडला, खुंटीला अडकवायला गेला. तोवर भाऊ आत येऊन हात धूत होता. त्याने एप्रन आचाऱ्याच्या हातूनच घेतला. "द्या काका," तो म्हणाला, अगदी नम्रपणे.

मालकीणबाईंनी पाटीतले उरलेले टोमॅटो पिशवीत भरले आणि पिशवी आचाऱ्यापुढे केली. "न्या घरी. आम्हाला नको. तुम्हाला काय, सगळे सारखेच."

त्याने पिशवी घेतली. मागच्या दाराशी तो थांबला. हाताला सवय होती. हाताने एक टोमॅटो बाहेर काढला, देठ खुडला, नाकाशी धरला. आणि वाट पाहिली.

आत ती कांदा चिरायला बसली होती. खट, खट, खट, खट. तो दारात उभा राहून मोजत होता.