होकार

एलादिओला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदावरून काढून टाकलं त्याला चौदा महिने झाले होते. चाळीस क्लबांना विनवून झालं होतं. एकेकाळी, स्पेनमध्ये प्रशिक्षकाला म्हणतात तसं, "मिस्टर, मिस्टर" करत मागे धावणारे पालेन्सिया शहरातले लोक आता त्याला बघून रस्ता ओलांडत. एकटा फर्मीन मात्र दर रविवारी न चुकता फोन करायचा. बारा वर्षं तो एलादिओचा सहायक होता. यंदा प्रथमच एका संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला होता.

त्या दुपारी दोघं नवराबायको जेवत असताना फोन वाजला. फर्मीनच्याच क्लबचे अध्यक्ष बोलत होते.

"सहा सामने उरलेत आणि संघ खालच्या गटात घसरतोय. फर्मीनला नारळ देतोय आम्ही. त्याच्या जागी उद्यापासून येता का? त्याला अजून माहीत नाही, तुम्हीही बोलू नका."

"अहो, त्याच्या बायकोला दिवस गेलेत," एलादिओ कसाबसा म्हणाला.

"तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा कुणी येईल. त्याची नोकरी तरीही वाचत नाही."

समोर कासिल्दा घास हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती. एलादिओने डोळे मिटले आणि तो म्हणाला, "येतो."

फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. फर्मीन होता, आणि त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.


"मिस्टर, अध्यक्षांचा फोन आला का? सकाळीच सांगून आलोय त्यांना, एलादिओंना आणा, मी पुन्हा त्यांच्या हाताखाली काम करतो!"