खुडूक कोंबडीचं टोपलं

"फोटोतला ट्रक तुमचाच ना?"

"ट्रक माझाच हाय, साहेब. आकडा माझा न्हाई."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून आसारामकडे पाहिलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा गडी महिन्यात तिसऱ्यांदा चढला होता. लिंबागणेशजवळच्या उतारावर पोलिसांच्या लेसर गननं त्याचा रिकामा ट्रक टिपला होता. मर्यादा साठची, वेग ब्याण्णव. दंड भरून मोकळा हो, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण आसाराम हट्टाला पेटला होता. दंड भरला म्हणजे ब्याण्णव कबूल केलं, आणि ब्याण्णव कबूल केलं की त्याच्या ट्रकात शिरूरचं एकही माणूस बसणार नव्हतं.

बारा वर्षं तो शिरूर कासारची ऊसतोड टोळी कारखान्यावर नेत-आणत होता. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं, सगळा संसार मागच्या हौद्यात. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी मात्र त्या धक्क्यांत टिकत नाही. म्हणून कौशल्याबाई तिचं टोपलं केबिनमध्ये, आसारामच्या शेजारी ठेवायची. टोळीत ती सगळ्यांत जुनी. तिचं टोपलं ज्या ट्रकात, त्याच ट्रकात बाकीच्या बायका लेकरं चढवत. चालानाचा फोटो मोबाइलवर गावभर फिरला आणि यंदा तिनं टोपलं गावातल्या दुसऱ्या ट्रकवाल्याच्या, सटवाच्या ट्रकात ठेवायचं ठरवलं. "रिकामा असा पळवतो, तर भरलेला कसा हाकत असंल?" एवढंच म्हणाली. ते आसारामच्या जिव्हारी लागलं.

आज ती स्वतः कोर्टात आली होती. शेवटच्या बाकावर पदर सावरून बसली होती. खरं-खोटं आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

आसारामनं फोटो मोठा करून आणला होता. त्यानं बोट ठेवलं. ट्रकच्या उजव्या अंगाला एक पांढरी कार होती.

"साहेब, ही कार मला वलांडून चालली हाय. गन कुणावर धरली व्हती, इचारा त्यान्ला."

गन चालवणाऱ्या हवालदारानं फोटो उलटासुलटा करून पाहिला. त्याला काही सांगता येईना. आसारामचा जीव भांड्यात पडला.

न्यायाधीश खुर्चीत मागे रेलले. "शंकेला जागा आहे. तुम्ही साठच्या आत होता, एवढं सांगा. चालान रद्द करतो."

एका शब्दाचं काम होतं. आसारामनं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर शेवटच्या बाकावर गेली. कौशल्याबाई पुढे वाकून ऐकत होती.

"सत्तर असंल, साहेब," तो म्हणाला. "उतार व्हता, ट्रक रिकामा व्हता. पर ब्याण्णव न्हाई. कदीच न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं.

"अहो, साठच्या वर दहा असो की बत्तीस, दंड तोच," न्यायाधीश म्हणाले. "मग इतकं भांडलात कशाला?"

आसारामनं वळून पाहिलं. बाक रिकामा होता. जिंकलेला डाव आपल्याच हातानं उधळला म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. दंड भरून तो घरी गेला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी टोळी निघाली. मारुतीच्या पारासमोर सटवाचा ट्रक लागला होता. त्याच्यामागे आसारामनंही आपला आणून उभा केला. कुणी बोलावलं नव्हतं, पण हट्ट म्हणजे हट्ट. बायका बोचकी घेऊन सटवाच्या ट्रकापाशी थांबल्या होत्या. कौशल्याबाई डोक्यावर टोपलं घेऊन आली. सटवानं हात पुढे केला. ती त्याच्यासमोरून तशीच पुढे गेली आणि तिनं आसारामच्या केबिनचं दार उघडलं. बोचकी उचलून बायका तिच्यामागे निघाल्या.

"अकरा अंडी हायत," टोपलं त्याच्या शेजारी सरकवत ती म्हणाली. "सत्तरनं न्हाई, चाळीसनं हाक."