शनिवारचं डल्सिमर

ज्युडिथ बाहेरून आली तर हॉलमधून तारांचा आवाज येत होता. योएल, तिचा नवरा, स्वतःच्या हातांनी घडवलेलं डल्सिमर मांडीवर आडवं घेऊन एकेक सूर चाचपडत शिकत बसला होता. शब्बाथला, शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, ज्याने जन्मात कधी वाद्याला हात लावला नाही, तो! गेल्या आठवड्यात घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

"अहो, असं कसं विसरलात? आज शनिवार ना!" ती म्हणाली.

योएलने तारांवर हात ठेवला.

"आज मंगळवार आहे, ज्युडिथ," तो हळूच म्हणाला, आणि सकाळी तिने हेच विचारल्यावर ठेवलं होतं तसंच त्याने डल्सिमर पुन्हा कापडात गुंडाळून ठेवलं.