आत्याचं कार्ड

“ज्याचं कार्ड त्याच्या हातात हवं,” गणवेशातली मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली. दादांनी कमरेच्या पाउचवरचा हात काही काढला नाही.

या घराचा प्रवासाचा नियमच तसा. सगळ्यांची तिकिटं, कागद, चाव्या दादांच्या पाउचमध्ये. तुम्ही हरवाल, असं त्यांचं म्हणणं. आजवर दोन छत्र्या आणि एकदा अख्खी बॅग दादांनीच हरवली होती, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? या जहाजावर चढतानाही पाचही कार्डं त्यांनीच दाखवली आणि चेन ओढून घेतली. आता जहाज सुटायच्या आधीची सुरक्षेची कवायत होती. मुलगी सांगत होती की या कार्डाशिवाय इथे हजेरी लागत नाही, जहाजावर चढता येत नाही आणि उतरताही येत नाही. मागे रांग तुंबली, लोक कुरकुरायला लागले. शेवटी दादांनी दात उपटून दिल्यासारखं एकेक कार्ड बाहेर काढलं.

आत्याने आपलं कार्ड घेतलं. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण, चाळिशी उलटलेली. खरी आत्या ती दादांच्या जुळ्यांची. पण त्यांच्यामुळे ती वहिनीची आत्या झाली, दूधवाल्याची झाली, आणि हल्ली तर दादासुद्धा तिला आत्याच म्हणत. कार्डावर मात्र तिचं नाव होतं. तिने ते दोनदा वाचलं.

उद्या सकाळी तिला चष्म्याच्या दुकानात कामावर रुजू व्हायचं होतं. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती आईच्या आजारपणाआधी करायची आणि झकास करायची. आई गेली तशी जुन्या मालकीणबाईंनी शेजारच्या गावातल्या नव्या दुकानासाठी तिला बोलावलं. दुकानाच्या वर राहायला खोलीही होती. उद्या आली नाहीस तर दुसरीला घेईन, माझा नाइलाज आहे, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

दादांना हे सगळं ठाऊक होतं. ते नाही म्हणाले नाहीत. दादा कधीच नाही म्हणत नसत. त्यांनी फक्त याच आठवड्यात जहाजाची सहल काढली. आईचं करून किती दमलीस, जरा हवापालट होईल, तुझंही तिकीट काढलंय, आता ते परत होत नाही. आणि तिची झोपायची सोय केली जुळ्यांच्या खोलीत. कसला डोंबलाचा हवापालट! आत्या भांडली, रडली, आणि मग जुळ्यांचे कपडे घड्या घालून भरून निमूट निघाली. त्या निमूटपणाचा तिला सकाळपासून संताप येत होता.

भोंगा वाजला. वहिनी नारिंगी जीवरक्षक जाकिटात स्वतःचे फोटो काढत होती. दादा फोनवर कोणाला तरी जहाज दाखवत होते. समोर उभा असलेला पिकल्या मिशांचा अधिकारी बोलत होता आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं. आत्या ऐकत होती. पट्टा कसा ओढायचा, कुठल्या दाराने जायचं, सगळं. धोक्याचा भोंगा झाला की सामान आणायला खोलीत परत जायचं नाही, असं तो बजावून सांगत होता. दागिने नाहीत, कपडे नाहीत, काही नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी निघायचं. माणूस बॅगेसाठी मागे वळतो आणि तिथेच अडकतो. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

गणवेशातली मुलगी मुलांच्या मनगटांना पट्ट्या बांधत आली. “यांची आई कोण?”

जुळ्यांनी आत्याकडे बोट दाखवलं. वहिनीनेही फोनमधून मान वर न काढता हनुवटीने आत्याच दाखवली.

“मी नाही. आई त्या,” आत्या म्हणाली. तिने दोन्ही पोरांचे पापे घेतले आणि त्यांचे हात वहिनीच्या हातात दिले. तेवढ्यासाठी वहिनीला फोन खाली ठेवावा लागला. आत्याने एकाची पट्टी जाता जाता सारखी केली. पण हात तिने सोडले ते सोडलेच.

कवायत संपली. जाकिटं परत गेली. दादांनी पाउच उघडून तिच्यापुढे धरलं. आण कार्ड, हरवशील. आत्या म्हणाली, माझ्याकडेच राहू दे. दादा हसले. बरं बाई, राहू दे, पण आधी पोरांना काहीतरी खायला घाल. आत्याने त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हे ती दादांकडूनच शिकली होती. ती जिन्याने खाली उतरली, आणखी खाली उतरली, थेट बाहेरच्या दारापर्यंत.

दारावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलं. आता धक्क्यावर उतरायचा पूल काढणार आहोत, एकदा उतरलात की परत चढता येणार नाही, असं त्याने बजावलं. आत्याने कार्ड यंत्राला लावलं. हिरवा दिवा लागला.

ती धक्क्यावर पोचते न पोचते तोच मागे पूल उचलला गेला. वर कठड्याशी दादा दिसले. तिच्या पर्समधला फोन वाजला. दादा आधी ओरडले. मग म्हणाले, लोक काय म्हणतील. मग आवाज एकदम मऊ झाला.

“अगं वेडे, तुझे कपडे, तुझी बॅग, सगळं इथे खोलीत पडलंय. मी त्यांना सांगतो, पूल लावतील परत. ये वर. दुकानाचं बघू आपण.”

“तू कवायतीत लक्षच दिलं नाहीस, दादा,” ती म्हणाली. “सामानासाठी परत जायचं नसतं.”