पाकोळ्यांची घळ

"त्या घळीत नका जाव, वकीलसायेब. फुरशी हायत तिथं." धाकूनं होडी बेटाच्या कातळाला लावली, पण वल्हं आडवंच धरलं.

"फुरशांना भ्यालो तर पाकोळ्या कशा दिसायच्या?" दामले वकील हसले आणि गळ्यातली दुर्बीण सावरत उतरले.

पाकोळ्यांच्या त्याच घळीत धाकूचा धाकटा भाऊ बाळा लपला होता. मिठावरून झालेल्या मारामारीत एक शिपाई मेला आणि नाव बाळाचं आलं. सापडला तर फासावरच जायचा.

म्हणे वकिलांना पक्षी बघायला होडी हवी! आणि ती ठरवून दिली कुणी, तर बंदरावरच्या हवालदारानं. नाही म्हणावं तर संशय.

वकिलांमागून मंडळी उतरली. शेवटी रावजी मास्तर. कानटोपी, मफलर, वर शाल. तापानं फणफणलेले, येताना प्रत्येक लाटेला ओकत होते. असल्या माणसाला पक्षी कसले सुचतात? धाकूला सगळेच सरकारी वाटू लागले.

उन्हं कलेपर्यंत तो घळीकडं कान लावून होडीत बसला. एकदम पाकोळ्यांचा थवा भर्रकन बाहेर उडाला. आत कुणीतरी खोल शिरलं होतं. धाकूनं डोळे गच्च मिटले.

मंडळी परतली.

"दिसल्या पाकोळ्या?" धाकूनं विचारलं.

"हवं ते मिळालं," वकील म्हणाले. "चल लवकर."

संपलं सगळं. मान वर करून कुणाकडं बघायचा त्याला धीर झाला नाही. मास्तरांना त्याच्या पाठीमागं, होडीच्या टोकाशी नाळेवर बसवलं होतं. आता ओकारीचा आवाज नव्हता. लाट आली की मास्तर अंग तिच्या बाजूला टाकताहेत हे होडीच्या तोलावरूनच कळत होतं; ती डुलतही नव्हती. ताप उतरला असेल मेल्याचा, धाकू मनात म्हणाला.

बंदरावर हवालदार उभाच होता.

"काय वकीलसाहेब, सापडलं?"

"सापडलं तर! पण मास्तरांचं काही खरं नाही. आधी घरी पोचवू."

हवालदार बाजूला झाला. आता खांद्यावर हात पडणार म्हणून धाकू दोर धरून उभा राहिला. दोघांच्या आधारानं शाल दिसेनाशी झाली. हवालदारही विडी पेटवत निघून गेला.

वकील धाकूच्या कानाशी वाकले.

"उद्या पेज आणि तापावरचं कोयनेल घेऊन घळीत जा. रावजी मास्तर तिथं वाट बघताहेत."