चिलमीत काय होतं

धुमाळनं चिलीम तोंडाला लावली तोच इन्स्पेक्टर थेट रंगमंचावर चढला. नाट्यगृह शिट्ट्यांनी दणाणलं. गांजेकसांची विनोदी जोडी म्हणून गाजलेल्या धुमाळ-भोपळेंना पोलीस धरणार, तेही चालू प्रयोगात! याहून मोठी जाहिरात कुठली?

धुमाळला मात्र दरदरून घाम फुटला. चिलमीत ओवा होता, सर्दीवर ओढतात तो. भोपळेला दमा आणि धुमाळला घरच्यांचा धाक, म्हणून पहिल्या प्रयोगापासून दोघं ओव्याचाच धूर काढत आले होते. सरकारच्या तोंडावर धूर सोडणारे म्हणून पोरं त्यांना डोक्यावर घेऊन नाचायची.

इन्स्पेक्टरनं चिलीम हुंगली आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"साहेब, पाया पडतो," धुमाळ माइक मुठीत दाबून पुटपुटला, "बेड्या घाला, पण इथं बोलू नका. पोटावर पाय देऊ नका."

साहेबानं चिलीम मुठीत झाकली. मग दोघांना दंडाला धरून बाहेर नेलं. मागं टाळ्या थांबत नव्हत्या.

गाडीत बसल्यावर धुमाळनं सुटकेचा निःश्वास टाकला. "उपकार झाले, साहेब."

"तुमच्या कॅसेटी आमच्या घरी रोज वाजायच्या," चिलीम हातात फिरवत इन्स्पेक्टर म्हणाला. "थोरल्या भावाला तोंडपाठ होत्या. तुमचं बघून त्यानं चिलीम धरली. मग भलतंसलतं घेत गेला, आणि त्यातच संपला."

त्यानं चिलीम भोपळेपुढं धरली.

"आणि तुम्ही ओवा ओढत होता?"